नवशिक्यांसाठी व्हिडिओ चित्रीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीची (गणेशचतुर्थीची) आरती, जत्रेतले नाटक, आजीची मुलाखत, शिगम्याची मिरवणूक, किनाऱ्यावरचा सूर्यास्त. गोव्यात हौसेने चित्रीकरण सुरू करणाऱ्यांचे प्रश्न बहुधा या प्रसंगांतूनच येतात. म्हणून उत्तरेही त्याच प्रसंगांना धरून दिली आहेत. सगळे वाचायला वेळ नसेल तर आवाजाबद्दलचे उत्तर तेवढे नक्की वाचा. घरगुती व्हिडिओ सर्वांत जास्त तिथेच फसतात.

कॅमेरा विकत घ्यावा की मोबाईल पुरेल?

मोबाईल पुरेल. गेल्या काही वर्षांतला मध्यम किमतीचा कुठलाही फोन दिवसाच्या उजेडात उत्तम चित्र देतो. पैसे खर्च करायचे असतील तर आधी माईक, मग ट्रायपॉड, मग एक छोटा एलईडी दिवा, आणि हे तिन्ही वापरून हात बसल्यावरच कॅमेरा, असा क्रम ठेवा. ट्रायपॉड निदान दीड मीटर उंच होणारा हवा. बुटका ट्रायपॉड घेतला की प्रत्येक माणूस खालून वर पाहिल्यासारखा दिसतो आणि सगळ्यांच्या नाकपुड्याच नजरेत भरतात. मोबाईल धरायचा होल्डर पाव इंची स्क्रूचा घ्या. बहुतेक सर्व ट्रायपॉडवर तोच बसतो.

सेल्फीचा कॅमेरा टाळा. मागचा मुख्य कॅमेरा जवळजवळ नेहमीच त्याच्यापेक्षा सरस असतो. आणि प्रत्येक वेळी चित्रीकरणाआधी लेन्स पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचे तेलकट ठसे असतातच. दिव्यांभोवती पसरट पांढरे धुके दिसते त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

फोनमध्ये कोणती सेटिंग्ज ठेवावीत?

१०८०पी (फुल एचडी), सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम. शिकताना ४के लागत नाही. फाइल जवळपास तिप्पट होते, फोन लवकर तापतो आणि संपादन करताना साधा संगणक अडखळतो. एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा टिपणारा) व्हिडिओ बंद ठेवा, नाहीतर तोच व्हिडिओ दुसऱ्याच्या फोनवर फिका किंवा भडक दिसतो. ग्रिडच्या रेषा सुरू करा. समुद्राची क्षितिजरेषा तिरकी आली तर ती पाहणाऱ्याला लगेच खटकते, आणि ग्रिड असली की ती सरळ ठेवणे सोपे जाते.

महत्त्वाचा प्रसंग टिपण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. मध्येच कॉल आला तर बऱ्याच फोनवर चित्रीकरण थांबते किंवा घंटीचा आवाज त्यात उतरतो.

घरात ट्यूबलाईटखाली चित्रात पट्टे फिरतात. फोन बिघडला आहे का?

नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/६० सेकंदावर असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये या लुकलुकण्याचे अपुरे तुकडे पडतात आणि पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण आवर्तने बसतात आणि पट्टे जातात. फोनच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये शटर हाताने ठरवता येते. ती सोय नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये फ्लिकर रोखण्याचा पर्याय शोधून ५० हर्ट्झ निवडा. आयफोनवर पाल फॉरमॅट्स सुरू केले की २५ फ्रेमचा पर्याय येतो, तोही कामाचा आहे. स्वस्त एलईडी बल्ब आणि सजावटीच्या माळा मात्र काही वेळा कशालाच दाद देत नाहीत. तेव्हा तो दिवा बंद करणे किंवा चौकटीबाहेर ठेवणे हाच मार्ग.

स्लो मोशनची अडचण याच जातीची आहे. १२० किंवा २४० फ्रेमवर शटर १/१०० पेक्षा जलदच असावे लागते, म्हणून ट्यूबलाईटखाली स्लो मोशन लुकलुकतेच. ते उन्हातच घ्या.

हात थरथरतो, चित्र हलते. काय करावे?

दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवा, पाय खांद्यांइतके फाकवा, फोन दोन्ही हातांनी धरा आणि शक्य असेल तिथे खांबाला, माडाला, भिंतीला पाठ टेका. याने निम्म्याहून जास्त काम होते. होल्डरच्या पाव इंची छिद्रात स्क्रू लावून त्याला सुतळी बांधा, सुतळीचे दुसरे टोक पायाखाली दाबा आणि फोन वर ओढून सुतळी ताठ ठेवा. वर-खाली होणारा कंप बराच थांबतो. किलोभर तांदळाची कापडी पिशवी बल्कांवच्या (घरापुढच्या बसायच्या ओसरीच्या) कठड्यावर ठेवून तिच्यात फोन रुतवला तर ट्रायपॉडची गरजच उरत नाही.

झूम करण्यासाठी पडद्यावर बोटे ताणू नका. चालत जवळ जा. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे. त्यात तपशील जातो आणि थरथर तेवढ्याच पटीने वाढते.

कॅमेरा सारखा फिरवत राहिल्यामुळे व्हिडिओ पाहवत नाही. शॉट कसे घ्यावेत?

कॅमेरा थांबवा आणि समोरच्या गोष्टीला हलू द्या. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर धरा, मनात मोजून. संपादनात त्यातले चारच सेकंद वापरले जातील, पण कापायला दोन्ही बाजूंना जागा राहते. कॅमेरा फिरवायचाच असेल तर आधी तीन सेकंद थांबा, एकाच दिशेने सावकाश फिरवा, शेवटी पुन्हा तीन सेकंद थांबा. परत मागे आणू नका.

एकाच कामाचे पाच शॉट घेण्याचा सराव करा. शेजारची बाई अंगणात नारळ सोलते आहे असे धरा. पहिला फक्त हातांचा, अगदी जवळून. दुसरा चेहऱ्याचा. तिसरा दुरून, अंगण आणि घर दिसेल असा. चौथा तिच्या खांद्यावरून, तिला काय दिसते ते. पाचवा एखाद्या वेगळ्या जागेवरून, म्हणजे सोडणांच्या ढिगामागून किंवा जमिनीलगत. हे पाच जोडले की मिनिटभराची गोष्ट तयार होते, आणि एकाच जागी उभे राहून घेतलेल्या दहा मिनिटांपेक्षा ती जास्त सांगते. हा एक सराव आठवडाभर केला तर नवीन फोन घेतल्याने पडेल त्याहून मोठा फरक पडतो, असे आमचे ठाम मत आहे.

दोघांचे बोलणे टिपताना त्यांच्यामधून एक रेषा ओढली आहे असे समजा आणि सगळे शॉट रेषेच्या एकाच बाजूने घ्या. रेषा ओलांडलीत तर दोघेही एकाच दिशेला पाहून बोलत आहेत असे वाटते.

चेहरा काळा येतो आणि मागचे आकाश पांढरे. उपाय?

माणसाची जागा बदला. गोव्याच्या जुन्या घरांत याची उत्तम सोय आहे: बल्कांव. माणसाला आत, कडेपासून साधारण एक मीटरवर बसवा, तोंड अंगणाकडे. तुम्ही अंगणाच्या बाजूला राहा. छपरामुळे थेट ऊन लागत नाही, समोरच्या आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर पडतो आणि मागे सावलीतली भिंत येते. याच जागी माणसाला उलट बसवून मागे अंगण घेतले तर चेहरा काळा होणारच.

मग चेहऱ्यावर बोट दाबून धरा. फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक झाल्याची खूण दिसली की सूर्याची खूण बोटाने थोडी खाली सरकवा. चित्र किंचित गडद असलेले परवडते. जळून पांढरा झालेला भाग मात्र नंतर कशानेही परत येत नाही.

माडांच्या बनात आणि कुळागरात (पोफळीच्या बागेत) फसायला होते. पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पांढरे डाग पाडतात. पोफळींच्या गर्द छायेत त्वचेवर हिरवट झाक येते. अशा ठिकाणी दाट, एकसारखी सावली शोधा आणि दोन बाय तीन फुटांचा थर्माकोलचा पांढरा तुकडा कोणाला तरी चेहऱ्याच्या बाजूला धरायला सांगा. दुपारचे ऊन शक्यतो टाळाच. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात.

सूर्यास्त आणि माणूस दोन्ही नीट येत नाहीत.

एकाच शॉटमध्ये ते येणे कठीणच. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून समुद्राकडे पाठ करून उभा असलेला माणूस संध्याकाळी छायाकृतीच होतो. दोन वेगळे शॉट घ्या. सूर्यास्ताआधी अर्धा तास माणसाला समुद्राकडे तोंड करून उभे करा, सोनेरी ऊन सरळ चेहऱ्यावर येते. सूर्य टेकताना आकाशावर एक्स्पोजर लॉक करून छायाकृती मुद्दाम घ्या. सूर्य बुडाल्यावर लगेच आवरू नका. पुढची पंधरा-वीस मिनिटे रंग सर्वांत चांगले असतात. पणजीत डिसेंबरमध्ये सूर्यास्त साधारण ६:०५ ते ६:१५ दरम्यान होतो, जूनच्या अखेरीस ७:०८ च्या आसपास.

आवाज चांगला येण्यासाठी काय करावे?

माईक तोंडाजवळ न्या. बाकी सगळे यानंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो, पण वारा, पंखा, रस्ता यांचा आवाज आहे तेवढाच राहतो. म्हणून तीन मीटरवरच्या फोनमध्ये आजीचे बोलणे दबते आणि पंखा ऐकू येतो. चित्र थोडे खराब असले तरी लोक पाहतात. शब्द कळत नसतील तर दहाव्या सेकंदाला पुढे जातात.

कॉलरला लावायचा साधा वायरचा माईक पुरतो. तो हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. मंगळसूत्र, माळ, कडक रेशमी पदर त्यावर घासत असेल तर खरखर येते, म्हणून थोडा बाजूला घ्या आणि वायरचा छोटा वेढा करून आतून चिकटवा. हेडफोनच्या जॅकचा माईक घेताना पिनवरचे काळे पट्टे मोजा. फोनला तीन पट्ट्यांची पिन लागते. दोन पट्ट्यांची कॅमेऱ्यासाठी असते, ती थेट लावली तर फोन आपल्याच आतल्या माईकवर रेकॉर्ड करत राहतो आणि घरी जाईपर्यंत ते कळत नाही. खात्री करायला रेकॉर्डिंग सुरू करून माईकवर नखाने हळूच खरवडा आणि लगेच ऐका. खरवड मोठी ऐकू आली तर माईक चालू आहे.

माईक नसेल तर दुसरा फोन घ्या, त्यात आवाज रेकॉर्ड करायचे ॲप सुरू करा आणि तो बोलणाऱ्याच्या शर्टच्या खिशात ठेवा. दोन्ही सुरू असताना एकदा टाळी वाजवा, नंतर ती टाळी जुळवून आवाज बसवता येतो. आवाजाची पट्टी दिसत असेल तर मोठ्यात मोठा शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, तो दुरुस्त होत नाही.

किनाऱ्यावर माईकला फरचे आवरण हवेच. नुसता स्पंज समुद्रवाऱ्यापुढे टिकत नाही. आवरण नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि माईक शरीराच्या आडोशाला ठेवा. घरात चिऱ्याच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज घुमवतात. जमिनीवर गादी किंवा गोधडी पसरा, पडदे ओढा, नाहीतर कपड्यांच्या कपाटांची खोली निवडा. पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिज पुन्हा सुरू करायचे विसरते, म्हणून स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे त्याशिवाय निघताच येणार नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला तर थांबा, तो पुढे गेल्यावर तेच वाक्य पुन्हा घ्या. शेवटी कोणी न बोलता खोलीचा नुसता आवाज तीस सेकंद रेकॉर्ड करा. संपादनात कापलेल्या जागा बुजवायला तो लागतो.

आजी-आजोबांची मुलाखत कशी घ्यावी?

लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तुम्ही कॅमेऱ्याच्या लगत बसा, म्हणजे नजर लेन्सच्या जवळ राहील. "हो" किंवा "नाही" असे उत्तर येईल असे विचारू नका. "तुमच्या लहानपणी चवथीला माटोळीचे सामान कुठून आणायचे ते सांगा" असे विचारा (माटोळी म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट). त्या बोलत असताना "हं, हं" करू नका, मान हलवा. उत्तर संपले असे वाटले तरी पाच सेकंद गप्प राहा. खरी आठवण पुष्कळदा तेव्हाच निघते.

चवथीच्या आरतीत घुमटाचा आवाज फाटतो आणि उजेड सारखा बदलतो.

घुमट, शामेळ आणि कांसाळे ही वाद्ये बंद खोलीत एकत्र वाजली की फोनचा माईक भरून जातो. कांसाळ्याच्या अगदी जवळ उभे राहू नका. दोन-तीन मीटर मागे, दाराच्या चौकटीत उभे राहिलात तर आवाज सुटा येतो. माईकचा गेन (आवाज पकडण्याची तीव्रता) कमी करता येत असेल तर करा. आरतीच्या शेवटी लय वाढते आणि आवाजही चढतो, म्हणून पातळी सुरुवातीला जपूनच ठेवा.

उजेड बदलतो तो लुकलुकणाऱ्या माळांमुळे. माळ पेटली की फोन चित्र गडद करतो, विझली की उजळ. मूर्तीच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर लॉक करा आणि घरच्यांची हरकत नसेल तर माळा न लुकलुकता स्थिर ठेवा. पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब एकत्र असतील तर एकच ठेवा, नाहीतर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा नारिंगी येतो. माटोळीचे शॉट आरतीच्या गर्दीत घेऊ नका. सकाळी, खिडकीचा उजेड असताना, एकेक फळ जवळून टिपा.

जत्रेतले नाटक संपूर्ण टिपायचे आहे. तयारी काय करावी?

आधी मंडळाची परवानगी. जागा मधल्या वाटेत, रंगमंचाच्या उंचीवर, आणि ट्रायपॉडभोवती दोन खुर्च्या अडवून ठेवा. लोक उठतात, पाय लागतो.

शक्य असल्यास दोन फोन लावा. एक दूर, पूर्ण रंगमंच दाखवणारा, नाटक संपेपर्यंत हलवायचा नाही. दुसरा जवळच्या शॉटसाठी तुमच्या हाताखाली. तिसरी घंटा दोन्हींत रेकॉर्ड होऊ द्या, जुळवणीसाठी ती टाळीचे काम करते. काळ्या पडद्यासमोर झोतात उभ्या नटाचा चेहरा ऑटोवर पांढराफटक येतो, कारण फोन सगळा अंधार मोजून उजेड वाढवतो. एक्स्पोजर उणे १ ते उणे १.५ करून लॉक करा. फोकसही लॉक करा, धुराच्या यंत्राने तो भरकटतो.

आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर किंवा फोन पुढच्या रांगांच्या मधोमध, दीड मीटर उंचीवर ठेवा, स्पीकरच्या खोक्यांपासून आणि पंख्यांपासून दूर. संगीत नाटकात तबल्याच्या बाजूला ठेवलात तर गाणे बुडते. ध्वनी मिक्सरमधून वायर मिळत असेल तर ती फोनच्या माईकच्या छिद्रात थेट घालू नका, तो सिग्नल फार जोरकस असतो. लाइन-इन असलेला रेकॉर्डर वापरा.

तीन तासांच्या नाटकाला १०८०पी, ३० फ्रेम, एचईव्हीसी या फाइल लहान करणाऱ्या नव्या पद्धतीत साधारण ११ जीबी लागतात. जुन्या एच२६४ मध्ये २३ जीबीच्या घरात. तेवढ्याच्या दुप्पट जागा मोकळी ठेवा आणि पॉवर बँक जोडून ठेवा. कॅमेरा असेल तर त्याची वेळेची मर्यादा तपासा. अनेक जुने कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात, म्हणून प्रवेश बदलताना थांबवून पुन्हा सुरू करा. यूट्यूबवर टाकण्याआधी नाटककाराची परवानगी लागते. मंडळाने हो म्हटले म्हणजे ती मिळाली असे होत नाही.

पावसाळ्यात लेन्सवर वाफ धरते.

एसीतल्या थंड फोनला बाहेरची दमट हवा लागली की काचेवर पाणी सुटते. निघण्याआधी फोन किंवा कॅमेरा झिप पिशवीत बंद करा आणि बाहेर वीस-तीस मिनिटे पिशवीतच ठेवा. गाडीतला एसी पोचण्याआधी अर्धा तास बंद केला तरी चालते. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते.

कॅमेऱ्याची लेन्स कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवली तर आपल्या हवेत बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

फोनवर आयपी६८ (पाणी-धुळीपासून संरक्षणाची खूण) लिहिले असले तरी ती चाचणी गोड्या पाण्याची असते. खारे पाणी उडाले तर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसा आणि चार्जिंगचे छिद्र पूर्ण सुकेपर्यंत वायर लावू नका. लेन्सवर वाळू असेल तर आधी फुंकणीने उडवा, मगच पुसा. नाहीतर काचेवर चरे पडतात.

स्कूटरच्या हँडलला फोन लावून चोर्ला घाट टिपावा का?

थेट लावू नका. इंजिनाच्या कंपनांनी लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते. मोटारसायकलींबाबत ॲपलनेही तसा इशारा दिला आहे. कंपन शोषणारा माउंट घ्या, किंवा मागे बसलेल्याला टिपायला सांगा. चालवणाऱ्याने फोनला हात लावू नये.

उभा व्हिडिओ घ्यावा की आडवा?

रील आणि स्टेटससाठी उभा. नाटक, आरती, मुलाखत, मिरवणूक यांसाठी आडवा. एकाच व्हिडिओत दोन्ही मिसळू नका.

परवानग्या कुठे लागतात? ड्रोन उडवता येतो का?

देवळात समितीला विचारा. पुष्कळ ठिकाणी गर्भगृहात चित्रीकरणाला मनाई आहे. जुन्या गोव्याची चर्च पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते. व्यावसायिक चित्रीकरणाच्या परवानग्यांचे काम राज्यात एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा पाहते. किनाऱ्यावरच्या अनोळखी माणसांचे, विशेषतः मुलांचे, जवळचे शॉट विचारल्याशिवाय घेऊ नका.

ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय हा सरकारचा हवाई क्षेत्रांचा नकाशा पाहा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतो, पिवळ्या आणि लाल क्षेत्रात आधी परवानगी लागते. दाबोळीचा नौदलाचा तळ आणि मोपाचा विमानतळ यांमुळे छोट्या गोव्याचा मोठा भाग या मर्यादांत येतो. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका असला तरी लाल-पिवळ्या क्षेत्रांतून सूट मिळत नाही.

संपादन करताना ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात. का?

फोन उजेडानुसार फ्रेमचा वेग किंचित बदलत राहतो, आणि संपादनाची काही सॉफ्टवेअर तो कायम धरून चालतात. फाइल आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेट निवडून काढा, मग संपादनात घ्या. संगणकावर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती नवशिक्याला वर्षानुवर्षे पुरते. फोनवर काइनमास्टर चालते, मोफत आवृत्तीत त्याचे चिन्ह चित्रावर उमटते. पार्श्वसंगीत यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतले घ्या, आणि बोलणे सुरू असताना ते इतके खाली ठेवा की लहान स्पीकरवरही प्रत्येक शब्द कळेल.

मूळ फाइल्स कशा जपाव्यात?

त्याच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा: संगणक आणि बाहेरची हार्ड डिस्क. दोन्ही प्रती उघडून शेवटच्या मिनिटापर्यंत चालतात हे पाहिल्याशिवाय फोनमधली फाइल पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत मूळ समजू नका, ती दाबून लहान केलेली असते. फोल्डरला तारीख, गाव आणि प्रसंग अशी नावे द्या, उदाहरणार्थ "२०२५-०८-२७ फोंडा चवथ आरती". कॅमेऱ्यासाठी एसडी कार्ड घेताना व्ही३० ही खूण पाहा. त्याचा अर्थ सेकंदाला निदान ३० मेगाबाईट सलग लिहिण्याची क्षमता.